आठचा आकडा काढला, लायसन्सही मिळालं... पण गाडी शिकलो का?

*गाड्यांच्या ब्रेकची परीक्षा घेणारी देशातली मोठी संस्था आपल्या नगरमध्ये आहे. ब्रेक दाबणाऱ्याची परीक्षा मात्र कुणी घेत नाही.*

दुचाकी चालवायला तुम्हाला कुणी शिकवलं? वर्गात हा प्रश्न टाकून बघा. वडिलांनी, मोठ्या भावाने, मामाने, गल्लीतल्या मित्राने, अशी उत्तरं येतील. कुणी शेताकडच्या कच्च्या रस्त्यावर शिकलेलं असेल, कुणी सुट्टीच्या दिवशी शाळेच्या ग्राउंडवर. 'क्लच हळू सोड, रेस दे, पाय खाली टेकवू नको.' तासाभरात शिक्षण संपलं. 'मी रीतसर कोर्स केला' म्हणणारा एखादाच निघेल, आणि तोही बहुधा चारचाकीचा.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली होती. 'हर्ट रिपोर्ट' या नावाने तो अहवाल १९८१ मध्ये आला. अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. धोका दिसल्यापासून धडक होईपर्यंत बहुतेकांच्या हाती दोन सेकंदही नव्हते. आणि त्या दोन सेकंदांत अनेकांनी मागचा ब्रेक करकचून दाबला, पुढचा पुरेसा वापरलाच नाही. चाळीस वर्षांपूर्वीचा, सातासमुद्रापारचा अहवाल. पण वाचताना आपल्याच तालुक्यातला वाटतो.

आकडे काय सांगतात?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले ७४,८९७ दुचाकीवरचे होते. म्हणजे दिवसाला दोनशेहून जास्त. हेल्मेट नव्हतं म्हणून नोंदवलेले मृत्यू ५०,०२९. त्यातले चौदा हजारांवर मागे बसलेले. एकूण मृतांपैकी जवळपास दोन तृतीयांश १८ ते ४५ या वयातले. महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जण गेले आणि मृत्यूंच्या यादीत आपलं राज्य तिसरं होतं.

याच अहवालातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. देशातले सुमारे दोन तृतीयांश अपघात सरळ रस्त्यावर होतात. घाट, वळण, धुकं, पाऊस ही आपली नेहमीची भीतीची यादी. चंदनापुरी, करंजी किंवा इमामपूर घाटात आपण सावध असतो, गिअर टाकतो, हॉर्न देतो. घाट उतरलो, रस्ता मोकळा दिसला की हात आपोआप पिळतो. बहुतेक अपघात होतात ते तिथे, सरळ, कोरड्या, ओळखीच्या रस्त्यावर.

नगरचा रस्ता वेगळा का?

क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा आपला. चौदा तालुके, दोन आरटीओ पासिंग: एमएच-१६ आणि एमएच-१७. कॉलेज नगरला, संगमनेरला, लोणीला नाहीतर राहुरीला, आणि घर आत दहा-पंधरा किलोमीटरवरच्या वाडीत. एसटी सकाळी एक, संध्याकाळी एक, तीही वेळेवर आली तर. मग घरातली शंभर सीसीची गाडी हीच बस, हीच रिक्षा आणि हीच ॲम्ब्युलन्स. 'बाईक चालवू नका' हा सल्ला इथे निरुपयोगी आहे. गाडी चालवावीच लागणार आहे. प्रश्न आहे तो कशी, एवढाच.

त्यात हा साखरेचा जिल्हा. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि सात दशकांपासून दर हिवाळ्यात रस्त्यांवर ऊस वाहतोय. गळीत हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, उसाने ओसंडणाऱ्या टायरगाड्या, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाने माखलेला. नगर-मनमाड रस्त्याची रड सगळ्यांनाच माहीत आहे: खड्डे, रखडलेलं काम, आंदोलनं, पुन्हा खड्डे. वर शिर्डी आणि शिंगणापूरला निघालेल्या बाहेरगावच्या गाड्या. समृद्धी महामार्ग कोपरगावजवळून जातो, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे आपल्या वाट्याला जुनेच रस्ते.

आता एक साधं गणित करू. धोका दिसल्यावर मेंदूने हाताला हुकूम द्यायला एक सेकंद लागतो असं धरा. ब्रेक दोन्ही, नीट आणि कोरड्या डांबरावर लागले असंही धरा. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी थांबायला साधारण २० मीटर लागतात. ६० ला ३७ मीटर. ८० ला जवळपास ५८. वेग दुप्पट झाला की थांबण्याचं अंतर जवळजवळ तिप्पट होतं. आणि फक्त मागचा ब्रेक दाबला तर? ८० च्या वेगात ९० मीटरच्याही पुढे.

रात्री साध्या कम्युटर गाडीच्या लो बीममध्ये तीस-चाळीस मीटरच्या पलीकडचं धड दिसत नाही. समोर बिनदिव्याची उसाची ट्रॉली उभी आहे आणि तुम्ही ६० ने येताय. ट्रॉली दिसली त्या क्षणी सगळं अचूक केलं तरच जेमतेम वाचाल. ७० ने येत असाल तर धडक ट्रॉली दिसण्याआधीच ठरलेली असते. 'ट्रॉली अचानक समोर आली' असं आपण म्हणतो. उभी ट्रॉली अचानक येत नाही. आपला वेग आपल्या उजेडाच्या पुढे धावत असतो. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावण्याची जबाबदारी मालकाची, कारखान्याची आणि आरटीओची, यात वाद नाही. पण ते लागेपर्यंत वेग आपल्या मनगटात आहे.

परीक्षा नेमकी कशाची होते?

लायसन्सची वाट सगळ्यांना पाठ आहे. आधी लर्निंग, २०२१ पासून तर ती परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते. मग तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्ससाठी अपॉइंटमेंट, आरटीओचं मैदान, आठचा आकडा. पाय टेकला नाही म्हणजे पास.

आठचा आकडा वाईट नाही. कमी वेगात तोल आणि क्लच सांभाळता येतो का, हे त्यातून कळतं. पण कमी वेगात तोल गेला म्हणून फारसं कुणी मरत नाही. माणूस मरतो तो वेगात असताना थांबता आलं नाही, वळता आलं नाही किंवा समोरचा काय करणार हे ओळखता आलं नाही म्हणून. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १५ व्या नियमात तातडीच्या वेळी गाडी थांबवता येणं हेही तपासायला सांगितलंय. प्रत्यक्षात मैदानावर बहुतेक ठिकाणी ते तपासलं जात नाही.

आणखी एक गंमत बघा. 'मोटारसायकल विथ गिअर' हे लायसन्स एकदा मिळालं की शंभर सीसीपासून हजार सीसीपर्यंत सगळं मोकळं. आज शंभर सीसीच्या गाडीवर परीक्षा द्या आणि उद्या चारशे सीसीची गाडी शोरूममधून काढा, कायद्याची हरकत नाही. ब्रिटनमध्ये असं चालत नाही. तिथे १९९० पासून रस्त्यावर एकट्याने गाडी काढण्याआधी सक्तीचं प्राथमिक प्रशिक्षण आहे. पूर्ण लायसन्सच्या परीक्षेत ताशी ५० किलोमीटर वेग गाठून अचानक थांबवून दाखवावं लागतं, त्याच वेगात अडथळा चुकवून दाखवावा लागतो; मग वेगळी रस्त्यावरची परीक्षा. शिवाय वयानुसार टप्प्याटप्प्याने मोठी गाडी. आणि एवढं झाल्यावरही 'ॲडव्हान्स्ड रायडिंग'चे कोर्स आहेत, ज्यांचा पाया पोलीस चालकांच्या प्रशिक्षणात आहे.

'ॲडव्हान्स्ड' म्हणजे स्टंट नव्हे

हा शब्द ऐकला की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते गुडघा टेकवून वळणारी बाईक, नाहीतर रीलमधली व्हीली. चेन्नईच्या रेसट्रॅकवर तसं ट्रॅक रायडिंग शिकवणाऱ्या शाळा भरतातही, आणि त्यांची मजा वेगळी. पण ट्रॅकवर समोरून एसटी येत नाही, वळणावर शेळ्या नसतात. रस्त्यावरचं प्रगत शिक्षण बाहेरून बघणाऱ्याला कंटाळवाणं वाटेल इतकं शांत असतं. त्याचा गाभा चार गोष्टींत सांगता येईल.

*पहिली, ब्रेक.* 'पुढचा ब्रेक धरू नको, पलटी होशील' हा घराघरातला सल्ला. तो अर्धाच खरा आहे. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं मोठं काम पुढचा ब्रेकच करतो. मागचं चाक हलकं झालेलं असतं, जोरात दाबलं की घसरतं. पलटी होते ती पुढचा ब्रेक एकदम झटक्यात आवळल्याने, किंवा वळणात, वाळूवर धरल्याने. गाडी सरळ ठेवून, आधी हलका आणि मग वाढवत नेत, लिंबू पिळावं तसा तो दाबायचा, जोडीला मागचा. वाक्य सोपं आहे. पण घाबरलेल्या क्षणी हात तेच करतो ज्याची सवय आहे. म्हणून ते वाचून येत नाही, मोकळ्या मैदानावर शंभर वेळा करावं लागतं.

*दुसरी, नजर.* आपण जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. खड्ड्याकडे टक लावली की चाक खड्ड्यातच. शिकलेला चालक खड्डा पाहतो आणि लगेच नजर मोकळ्या जागेवर नेतो.

*तिसरी, वळण.* वळणात रस्त्याच्या दोन्ही कडा लांब कुठेतरी एकमेकींना मिळताना दिसतात. तो बिंदू तुमच्याकडे येतोय असं वाटलं तर वळण आवळत चाललंय, वेग कमी करा. लांब पळतोय असं वाटलं तर वळण उघडतंय. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर नाही. आणि एकच नियम कायम: जेवढा रस्ता मोकळा दिसतोय, तेवढ्याच अंतरात थांबता आलं पाहिजे.

*चौथी, अंदाज.* ही सगळ्यात महत्त्वाची. थांबलेल्या रिक्षाचं पुढचं चाक वळलंय का? एसटीच्या पुढून कुणी धावत येईल का? बाजाराचा दिवस आहे का? ब्रिटिश पोलिसांच्या पद्धतीत क्रमच ठरलेला आहे: आधी माहिती घ्या, मग रस्त्यावरची जागा ठरवा, मग वेग, मग गिअर, आणि शेवटी रेस. आपल्याकडे क्रम नेमका उलटा. आधी रेस, आणि माहिती मिळते ती हॉस्पिटलात.

पण प्रशिक्षणाने खरंच फरक पडतो?

इथे जरा थांबायला हवं, कारण उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. नॉर्वेने १९७९ मध्ये नव्या कारचालकांसाठी घसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचं प्रशिक्षण सक्तीचं केलं. अपघात कमी होतील अशी अपेक्षा होती. पुढच्या अभ्यासात दिसलं की तरुण पुरुषांचे निसरड्या रस्त्यावरचे अपघात उलट वाढले. कारण? 'आपल्याला गाडी सावरता येते' हा आत्मविश्वास कौशल्यापेक्षा मोठा झाला आणि मुलं वेगात जाऊ लागली. मोटारसायकल प्रशिक्षणावरच्या संशोधनांचा एकत्रित आढावा २०१० मध्ये कॉक्रेन या संस्थेने घेतला. कोणत्या प्रकारच्या प्रशिक्षणाने अपघात घटतात हे ठामपणे सांगण्याइतका दर्जेदार पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग सगळं सोडून द्यायचं? नाही. यातून कळतं ते हे, की काय शिकवतो यावर सगळं अवलंबून आहे. फक्त कसरत शिकवली तर शिकणारा कसरत वापरायच्या संधी शोधतो. 'या वेगात तुला थांबता येत नाही' हे त्याच्याच गाडीवर, टेपने मीटर मोजून दाखवलं तर त्याचा हात आपोआप हलका होतो. मैदानावर चुन्याची रेघ मारायची, ६० ने यायचं, रेघेवर ब्रेक मारायचा आणि गाडी कुठे थांबली ते चालत जाऊन बघायचं. बहुतेकांना धक्का बसतो. तो धक्का हेच खरं शिक्षण.

आणि प्रशिक्षण कधीही हेल्मेटची जागा घेत नाही. चांगल्या हेल्मेटने डोक्याला गंभीर इजा होण्याचा धोका सुमारे ७० टक्के आणि मृत्यूचा सुमारे ४० टक्के कमी होतो, हा पुरावा मात्र पक्का आहे. २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेलं हेल्मेट विकणं बेकायदा आहे. तरी रस्त्याच्या कडेला काय विकलं जातं हे आपण रोज बघतो. पोलिसांना चुकवण्यापुरती ती टोपी. डांबराला ती चुकवू शकत नाही.

एबीएस आलं, आता टेन्शन नाही?

२०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस यंत्रणा. म्हणजे गावाकडे सगळ्यात जास्त चालणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांतल्या बहुतेकांना एबीएस नाही. जून २०२५ मध्ये केंद्राने नव्या दुचाकींना सरसकट एबीएस आणि गाडीबरोबर दोन हेल्मेट देण्याचा मसुदा जाहीर केला. दिशा योग्यच आहे. पण घरात उभी असलेली दहा वर्षांची गाडी त्याने बदलत नाही. आणि एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, एवढंच. कमी जागेत थांबवण्याची जादू त्यात नाही. एबीएसच्या भरवशावर अंतर न ठेवणारा आणि एबीएस लागल्यावर लिव्हर थरथरली म्हणून घाबरून ब्रेक सोडणारा, दोघांनाही शिकण्याची गरज आहे.

नगरला हे जमू शकतं

संरक्षण संशोधन खात्याची वाहन संशोधन संस्था, अर्थात व्हीआरडीई, आपल्या शहरात आहे. बाजारात येणाऱ्या वाहनांची चाचणी करून त्यांना मान्यता देण्याचा अधिकार असलेल्या देशातल्या मोजक्या संस्थांपैकी ती एक. चाचणीचे ट्रॅक इथे आहेत, ब्रेकचं शास्त्र जाणणारी माणसं इथे आहेत. शेजारी लष्कराची प्रशिक्षण केंद्रं आहेत. ज्या गावात गाडी किती मीटरवर थांबते हे यंत्राने मोजलं जातं, त्या गावातल्या पोरांना स्वतःची गाडी किती मीटरवर थांबते हे माहीत नसावं, हे काही बरं नाही.

मोठी योजना यायची तेव्हा येईल. केंद्राने २०२१ मध्ये मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम केले; तिथे कोर्स केलेल्याला आरटीओची वाहन चाचणी माफ. त्यात दुचाकीचा गंभीर अभ्यासक्रम यावा, ही मागणी करायलाच हवी. पण कॉलेजच्या पातळीवर उद्याही काही करता येईल. एनएसएसच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम असतं, शिवाय सात दिवसांचं शिबिर. रस्ता सुरक्षा सप्ताहात रांगोळी, रॅली आणि शपथ यांत जाणारे तास कॉलेजच्या ग्राउंडवर ब्रेकिंगच्या सरावाला देता येतील. लागतं काय? मोकळी जागा, चुना, टेप, काही कोन, हेल्मेट आणि आरटीओतला किंवा वाहतूक शाखेतला एक जाणकार. गाड्या आपल्याच, म्हणजे ज्या रोज चालवतो त्याच. महागड्या बाईकवाल्यांसाठी शहरात शनिवार-रविवारचे कोर्स निघतील. ज्याला रोज पंधरा किलोमीटर उसाच्या रस्त्याने यायचंय, त्याच्यासाठी ही सोय कॉलेजनेच करायची आहे.

यात मुलींना विसरू नका. स्कूटरवर येणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे आणि त्यांना शिकवताना घरचे हमखास सांगतात, 'डावाच ब्रेक दाब.' बऱ्याच स्कूटरवर तो मागच्या चाकाचा. सीबीएसमुळे पुढचा थोडा लागतो, पण पुरेसा नाही.

आणि घरी अजून अठरा न झालेला धाकटा भाऊ गाडी घेऊन ट्यूशनला जात असेल, तर त्याच्याशी बोला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन चालकाच्या पालकांना २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. तुम्हीच त्याचे पहिले गुरू असणार आहात. तेव्हा 'रेस दे' हा पहिला धडा नको. पहिला धडा थांबायचा द्या.

या आठवड्यात करून बघा

- मोकळं, कोरडं, सपाट मैदान शोधा. पूर्ण हेल्मेट, बूट, फुल बाह्यांचा शर्ट. सोबत एक जण हवाच.
- ताशी २० पासून सुरुवात. आधी फक्त मागचा ब्रेक, मग दोन्ही. थांबल्याचं अंतर पावलांनी मोजा. हात बसला की ३०, मग ४०. घाई नको.
- टायरची हवा आणि नक्षी, चेनचा ताण, ब्रेक लाइट: आठवड्यातून एकदा दोन मिनिटं.
- पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. त्याआधी तुम्ही खांबापाशी पोहोचलात तर फार जवळ आहात. पावसात चारपर्यंत मोजा.
- हंगामात अंधार पडल्यावर गावाकडच्या रस्त्याला ४० च्या वर जाऊ नका. पंधरा किलोमीटरला ६० ऐवजी ४० ने गेलात तर साडेसात मिनिटं जास्त लागतात. एवढीच किंमत आहे.